गायकाचा श्वास, १६ केबी

ऐकायला चार मिनिटं लागणारं गाणं मिळवायला सोळा मिनिटं लागायची, तेव्हाची गोष्ट. सोळा हा आकडा मी ठोकून दिलेला नाही, पाढ्यासारखा पाठ आहे. एमपी३ म्हणजे गाण्याची दाबून लहान केलेली फाइल, आणि १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपी३ म्हणजे सेकंदाला १६ केबी. चार मिनिटांच्या गाण्याचे झाले ३.८४ एमबी. फोनच्या तारेवरून इंटरनेट घरात आणणाऱ्या मोडेमवर ठळक छापलेलं होतं '५६ के'. मी भागाकार केला आणि हरखलो. गाणं सव्वा मिनिटात घरात! मग कुणीतरी सांगितलं की ते ५६ बिट आहेत, बाइट नव्हेत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे कागदावर सेकंदाला सात केबी. टेलिफोनच्या तारेतून ठेचकाळत हाती यायचे चार. बिटचा बी लहान काढतात, बाइटचा मोठा. एका बीच्या पोटाने माझी पंधरा मिनिटं गिळली.

घ्यायला गेलो होतो प्लेअर, झालो कारकून. डायमंड कंपनीचा रिओ हा प्लेअर १९९८ साली आला तेव्हा त्यात ३२ एमबी होते, आणि माझ्या हाती आलेला डबाही त्याच ऐपतीचा होता. एक पेन्सिल सेल, मागे प्रिंटरच्या खाचेत घुसणारी जाड केबल आणि पोटात आठ गाणी. नववं गाणं अर्धवटच मावायचं. ते अर्धवट कुठलं असावं यावर मी कित्येक संध्याकाळी घालवल्या.

हळूहळू माझी आवड बदलली. चाल, शब्द, आवाज हे सगळं मागे पडलं आणि मी लांबी पाहू लागलो. तीन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं म्हणजे सालस, गुणी गाणं. सात मिनिटांच्या गाण्याकडे मी खर्चिक जावयाकडे पाहावं तसा पाहायचो. त्यातही खरा राग शांततेचा. या फाइलींमध्ये दर सेकंदाला ठरलेले बाइट जातात. मग त्या सेकंदात वीस व्हायोलिनं वाजोत की काहीच न वाजो. गायकाने नुसता श्वास घेतला तरी १६ केबी! माझ्या लाडक्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी तो चार सेकंद गप्प बसतो. जाणकार त्या जागेवर मान डोलवतात. ते गप्प बसणं मी सोळा सेकंद खर्चून उतरवून घेतलं होतं, मी कशाला डोलवू?

काटकसरीचा पुढचा टप्पा म्हणजे ६४ केबीपीएस. आठाची सोळा गाणी झाली, पण झांजा पाण्याच्या बादलीत वाजल्यासारख्या येऊ लागल्या. गायिका सर्दी झालेली, तबला शेजारच्या घरात. तरी मी लोकांना सांगायचो, "काही फरक कळत नाही." सोळा गाणी असलेल्या माणसाने एवढं खोटं बोलायचंच असतं.

एमपी३चं तत्त्व मात्र मला घरातच पटलं होतं. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासचा बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून तो टाकून द्यायचा. त्यामुळेच सीडीवरचं दहा एमबीचं एक मिनिट एका एमबीत बसतं. आमच्या घराची एमपी३ केली असती तर आई पूर्ण आली असती आणि बाबा एकाही फाइलमध्ये सापडले नसते.

डाउनलोडच्या खिडकीत उरलेला वेळ दिसायचा. '१४ मिनिटं.' मी हात धुऊन येईपर्यंत '३ तास'. टक लावून बघत बसलं की '९ मिनिटं'. तिच्याइतका मनमोकळेपणाने शब्द फिरवणारा प्राणी मी पुन्हा पाहिला नाही. त्यात नव्वदीच्या पुढे गेलं की आतल्या खोलीत हमखास कुणाला तरी फोनची आठवण यायची. रिसीव्हर उचलला जाई, मोडेमच्या किंकाळीला दचकून "अगंबाई, हे काय?" असं कुणी म्हणे, आणि इकडे सगळं शांत. या शांततेला मात्र एकही केबी लागायचा नाही.

२००१च्या ऑक्टोबरात ॲपलने आयपॉड आणला. पाच जीबी, हजार गाणी खिशात. लोक हरखले; मी कागद घेतला. हजार गुणिले सोळा मिनिटं, म्हणजे २६६ तास, म्हणजे अकरा दिवस आणि अकरा रात्री सलग, घरात कुणी फोनला हात न लावता. मी कागद घडी करून ठेवून दिला.

ते लाडकं गाणंही असंच ९३ टक्क्यांवर तुटलेलं. पुन्हा पहिल्यापासून उतरवायचं बळ नव्हतं, म्हणून तसंच भरलं. चार सेकंदांची शांतता, मग शेवटच्या कडव्याची दीड ओळ, आणि लगेच पुढचं गाणं. दोन वर्षं मी ते असंच ऐकलं.

परवा एका घरगुती मैफिलीत तेच गाणं निघालं. सगळे गात होते, मीही रंगात आलो होतो. दीड ओळ झाली आणि मी खणखणीत आवाजात, एकटाच, दुसरं गाणं सुरू केलं.