‘शब्दांचं वजन सात टक्के’ म्हणे!

महिनाभरात हा मजकूर माझ्याकडे पाच ग्रुपांवरून आला. थोडक्यात तो असा: ‘वक्त्याचा प्रभाव शब्दांमुळे फक्त ७ टक्के पडतो, आवाजामुळे ३८ आणि देहबोलीमुळे ५५ टक्के, हे अमेरिकेतल्या प्राध्यापकाने सिद्ध केलंय. १९६०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या जाहीर वादात रेडिओवर निक्सन जिंकले, टीव्हीवर केनेडी. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिससुद्धा सादरीकरणालाच पहिला, दुसरा आणि तिसरा नंबर देई. तेव्हा भाषण लिहीत बसू नका, आरशासमोर उभे राहा.’

एरवी सोडून दिलं असतं. पण नागपुरात, धंतोलीत मी वक्तृत्व स्पर्धांसाठी कॉलेजच्या पोरांची तयारी करून घेतो, आणि परवा एक जण ‘विदर्भाचा अनुशेष’ हा विषय घेऊन आला. दोन्ही हात चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखे चालू. मध्येच विचारलं, ‘दांडेकर समिती कोणत्या साली नेमली रे?’ उजवा हात हवेतच थांबला. मग म्हणतो, ‘सात टक्के पाठ झालं सर, आता त्र्याण्णवचीच प्रॅक्टिस करून राहिलो.’

(विभागांचा विकासातला अनुशेष मोजणारी ही समिती १९८३ साली नेमली, अहवाल १९८४चा. ते त्या सात टक्क्यांतही नव्हतं.)

आधी आकडे. ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ सालचे, दोन वेगवेगळ्या प्रयोगांतून आलेले. दोन्हींत भाषण नव्हतं. अहो, वाक्यसुद्धा नव्हतं. पहिल्या प्रयोगात नऊ सुटे इंग्रजी शब्द होते. ‘डिअर’, ‘थँक्स’सारखे तीन गोड, ‘टेरिबल’सारखे तीन कडू, उरलेले तीन मधले. ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून रेकॉर्ड केले आणि विद्यार्थ्यांना विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड? दुसऱ्या प्रयोगात तर एकच शब्द, ‘मेबी’. तो तीन सुरांत ऐकवायचा आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे. फोटो, तेही फक्त चेहऱ्यांचे. ज्या ‘देहबोली’ला ५५ टक्के बहाल झालेत, त्या प्रयोगात हात नव्हते, खांदे नव्हते, उभं राहणं नव्हतं.

मग दोन्ही प्रयोगांचे आकडे जोडून ७-३८-५५ हे सूत्र बनलं. पहिल्यात चेहरा नव्हता. दुसऱ्यातला शब्द मुद्दाम असा निवडलेला की त्यातून ना प्रेम कळावं ना राग. शब्दाचं तोंड बांधायचं आणि मग तो काही बोलतच नाही म्हणायचं, अशातली गत. बोलणारा भावना किंवा आवडनिवड सांगत नसेल तर हे सूत्र लागू होत नाही, हा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीच केलेला आहे. पण खुलासे फॉरवर्ड होत नाहीत.

त्यांचा प्रयोग कुठे लागू पडतो ते मात्र आपल्याला चांगलं ठाऊक आहे. निवेदन घेऊन एखाद्या पुढाऱ्याकडे गेलात आणि तो म्हणाला, ‘पाहू.’ काम होणार की नाही, हे त्या शब्दावरून कुणीच ठरवत नाही. सूर पाहतो, नजर पाहतो, कागद टेबलावर कुठे ठेवला ते पाहतो. ‘पाहू’च्या बाबतीत मेहराबियन शंभर टक्के खरे. सिंचनाच्या अनुशेषावर वीस मिनिटं बोलायचं म्हणजे वीस मिनिटं ‘पाहू, पाहू’ म्हणणं नव्हे. (काही जण म्हणतात, ती गोष्ट वेगळी.)

केनेडी-निक्सनची कथा जरा जास्त चिवट. वाद झाला २६ सप्टेंबर १९६० रोजी. रेडिओवाल्यांना निक्सन सरस वाटले याचा ठोस म्हणावा असा आधार एकच, सिंडलिंगर या संस्थेची पाहणी. २,१३८ जणांशी बोलले, त्यात रेडिओवर ऐकणारे फक्त २८२. डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ साली त्यावर बोट ठेवलं: हे २८२ जण मुळात कुणाकडे झुकलेले होते? टीव्ही अजून न पोचलेल्या ग्रामीण भागातले, निक्सन यांचेच मतदार, त्यात जास्त असतील तर आवाज-चेहऱ्याचा संबंधच उरत नाही. तरी दुसरी बाजूही सांगतो. २००३ साली जेम्स ड्रकमन यांनी तोच वाद काहींना नुसता ऐकवला, काहींना दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांचा कौल केनेडींकडे जास्त निघाला. म्हणजे चित्राचा परिणाम होतो, मान्य. पण किती, याचा ५५शी काडीचाही संबंध नाही.

डेमोस्थेनिसचं ते उत्तर रोमन वक्ता सिसेरो वगैरेंनी सांगितलेलं आहे, ठीक. पण त्याच माणसाच्या भाषणांना ‘दिव्याच्या वातीचा वास येतो’ असा टोमणा त्याच्या विरोधकाने मारल्याचं चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलंय. का, तर रात्र रात्र जागून लिहायचा म्हणून. फॉरवर्डमध्ये वात गाळली.

आता तो सल्ला, ‘भाषण लिहीत बसू नका’. खरा घोळ इथे आहे, आणि निदान नागपुरात राहणाऱ्याने तरी तो पुढे पाठवायला नको होता. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात गदारोळ होतो, कुणी बाक बडवतं, कुणी हात उगारतं, आणि अध्यक्ष सांगतात: तो शब्द कामकाजातून काढून टाका. प्रतिवेदकांनी लिहून घेतलेला एक शब्द तपासून वगळला जातो. सात टक्क्यांसाठी एवढा खटाटोप?

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच शहरात भरलं होतं. असहकाराच्या ठरावाला विरोध करायला जिना उठले आणि गांधीजींचा उल्लेख त्यांनी ‘मिस्टर गांधी’ असा केला. मंडपातून ओरडा सुरू झाला: ‘महात्मा’ म्हणा! जिनांचा पोशाख काय, ऐट काय, आवाज काय, सगळं लोकांच्या समोरच होतं. मागणी झाली ती एक शब्द बदलण्याची.

आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेब एकेक प्रतिज्ञा उच्चारत गेले, लाखोंचा समुदाय मागून म्हणत गेला. बावीस प्रतिज्ञा म्हणजे बावीस वाक्यं, घरोघरी आजही तशीच म्हटली जातात. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात ते आधी एक साधा प्रश्न सोडवायला घेतात: यासाठी नागपूरच का? संघ इथे आहे म्हणून, हा तर्क ते खोडतात आणि नाग लोकांचा इतिहास सांगतात. श्रोत्याच्या मनातली शंका आधी उचलायची, मग आपलं म्हणणं मांडायचं. ही रचना आरशात दिसत नाही, कागदावर दिसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर हे भाषण पातळशा पुस्तिकेत मिळतं. एकदा पाहिलं, रस्त्याकडेला चादर टाकून बसलेल्या एक आजी नातीकडून ते वाचून घेत होत्या. नात चौथी-पाचवीतली, एका सुरात, अक्षर लावत लावत वाचत होती. आजी मध्येच म्हणाल्या, ‘थांब, ते पुन्हा वाच.’

आवाज हवाच. कस्तुरचंद पार्कवर वाक्याचा शेवट गिळलात तर मागच्यांना नुसता भोंग्याचा घुमारा ऐकू जातो. हातही हवेत, पण वाक्याच्या मागून येणारे. त्या पोराला सांगितलंय, हात खिशात घालून पहिली तीन वाक्यं म्हण, आणि ती ऐकून तुझ्या रूममेटने एक तरी प्रश्न विचारला तर शनिवारी ये, मग हातांचं पाहू.