त्या गुलाबी चकतीबद्दल थोडं

काका, नमस्कार.

माझ्या रामेनवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं असं: रामेनवरच्या (म्हणजे रस्श्यातल्या जपानी नूडल्सवरच्या) ‘नारुतो’ चकतीला मी ‘रामेनचा आत्मा’ म्हटलं, ते अज्ञान, ती माशाची असते हे शाकाहारी वाचकांना सांगितलं नाही, तो निष्काळजीपणा, आणि मिरजेत वाढलेल्या माणसाने जपानी कॉमिक्सच्या आठवणींनी गहिवरणं म्हणजे उसनं बालपण.

मधलं बिनशर्त मान्य. पांढऱ्या माशाचा लगदा, त्यातल्या थोड्याला गुलाबी रंग, मग गुंडाळी करून वाफवायची. आपल्या अळूवडीचा उंडा आठवा, कापला की आतलं चक्र दिसतं, तसंच. मुळा समजून कोणी खाल्ला असेल तर माफी.

पहिलंही बरंचसं मान्य. तुम्ही तीस वर्षं जपानमधल्या फुकुओकात. तिथल्या हाकाता रामेनमध्ये डुकराच्या हाडांचा पांढुरका रस्सा, वर कांद्याची पात, किकुरागे नावाची काळी अळंबी, लाल आलं. तिकडे साप्पोरोत मक्याचे दाणे आणि लोणी. नारुतो ही जुन्या तोक्योतल्या सोया रस्श्याची खूण, आता तिथेही कमीच दिसते. चवीला तर बेताचीच. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला शाळेतलं खोडरबर आठवलं. ‘आत्मा’ मागे घेतो.

पण मग ही बेचव चकती साऱ्या जगाला माहीत कशी? माझ्या मते चित्रकारांमुळे. मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, पानं बहुतेक काळी-पांढरी. त्यात चाशूचा, म्हणजे शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा, तुकडा काढला तर तो बटाट्याची काप वाटेल, मेन्मा (बांबूचे कोंब) म्हणजे नुसत्या काड्या, नोरी (समुद्रशेवाळाचा पापुद्रा) म्हणजे काळा चौकोन. नारुतोला मात्र एक कातरलेला गोल आणि आत टाकाचा एक वेढा पुरतो, की वाटीत काय आहे ते सांगावं लागत नाही. मोबाइलमधल्या इमोजीतही तिला स्वतंत्र जागा आहे. बिचाऱ्या मेन्माला नाही. मांगाकार किशिमोतोंच्या १९९९ ते २०१४ चाललेल्या ‘नारुतो’ मालिकेतल्या पोराच्या नावातच ही चकती आहे, आणि हा पठ्ठ्या दुकानात बसून जास्तीचा चाशू मागतो! चकती खायची कमी, बघायची जास्त, हे त्यालाही ठाऊक असावं.

आता उसन्या बालपणाचं. खरं आहे, ती मालिका मी एकोणिसाव्या वर्षी पुण्यात हॉस्टेलवर वाचली. लहानपणी हातात चांदोबा आणि चाचा चौधरी. पण काका, साबूसमोरची चपात्यांची चळत बघून मला जी भूक लागायची, ती आईच्या पोळ्या बघून कधी लागली नाही. कागदावरचं जेवण न चाखताच आठवणीत बसतं. हॉस्टेलच्या मेसमधली पाणचट आमटी समोर ठेवून रामेनची चित्रं बघताना तीच जुनी भूक परत आली. तिला उसनी म्हणा हवं तर.

जपान्यांचंही फार वेगळं नाही. १९६४च्या ‘ओबाके नो क्यू-तारो’ या मांगामधले कोइके-सान, कुरळे केस, चष्मा, कायम रामेन ओरपणारे, हे सुझुकी शिनइची या खऱ्या ॲनिमेटरवरून काढलेले. ही मांगा काढणारी फुजिको फुजिओ ही जोडी आणि हे सुझुकी तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळवजा घरात राहायचे. ते १९८२ साली पाडलं. २०२०मध्ये तिथून जवळच हुबेहूब तसंच उभारून संग्रहालय केलं. मी गेलो तेव्हा माझ्यापुढचे आजोबा एका खोलीच्या दारात बराच वेळ उभे होते. ते काही त्या घरात वाढले नव्हते.

तुमची मुलं फुकुओकातच वाढली असं तुम्ही लिहिलंत. एक करा. त्यांना न सांगता-सवरता एक कागद द्या आणि रामेनची वाटी काढायला सांगा. घरी, दुकानात त्यांनी जन्मभर हाकाता रामेनच खाल्लं असणार. वाटीत काय काढतात ते मला कळवा.