‘मोठं कार्ड आणि लिक्विड कूलर घ्या’ : एडिटिंग मशिनसाठी हा सल्ला कुठे फसतो

एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो : परवडेल तेवढं मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, लिक्विड कूलर बसवा, कॅबिनेटमध्ये मावतील तितके पंखे लावा, मेमरी कमी पडली तर दुसरं कार्ड टाका, आणि कार्ड ७० अंशांच्या वर गेलं की ते खराब होतंय असं समजा. हे ऐकून लोक भरमसाट खर्च करतात आणि टाइमलाइन आधीसारखीच अडकत राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘मोठं कार्ड असलं की टाइमलाइन अडकत नाही’

कार्डाच्या आत दोन वेगळी कामं चालतात. रंग, इफेक्ट, नॉइज रिडक्शन हे सगळं शेडर कोर, म्हणजे गणित करणारे छोटे भाग, करतात, आणि महाग कार्डात ते जास्त असतात. पण एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतींनी दाबून ठेवलेली व्हिडिओ फाइल डिकोड करायला, म्हणजे उलगडायला, वेगळं, ठरावीक सर्किट असतं. त्याला जो फॉरमॅट येत नाही तो येतच नाही, मग कार्ड कितीही महाग असो.

नेहमी दिसणारं उदाहरण म्हणजे मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज, म्हणजे ज्यात रंगाची माहिती नेहमीपेक्षा जास्त साठवलेली असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या महागड्या कार्डाकडे २४ जीबी मेमरी आहे, पण तिच्या डिकोडरला ४:२:२ जमत नाही. ती सोय एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत दिली. त्याआधीच्या कार्डांवर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि प्लेबॅकमध्ये फ्रेम गळतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र हेच फुटेज क्विक सिंक या आपल्या डिकोडरने सहज उलगडतं. त्यामुळे इंटेल घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर टाळा, त्यात हे ग्राफिक्स नसतं. आणि वेगळं कार्ड लावल्यावर अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात, तेव्हा बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते पुन्हा चालू करा. हे न केल्यामुळे कित्येक चांगली मशिन विनाकारण रखडतात.

नवं कार्ड घेण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. टाइमलाइन चालू ठेवा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा आणि छोट्या आलेखांपैकी एकावर ‘व्हिडिओ डिकोड’ निवडा. तो शून्यावर सपाट आणि प्रोसेसर ९० टक्क्यांवर असेल, तर अडचण फॉरमॅटची आहे : प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा. ‘थ्रीडी’ किंवा ‘कुडा’चा (शेडर कोरच्या कामाचा) आलेख शंभरला टेकलेला असेल तरच कार्ड खरोखर कमी पडतंय. सगळेच निवांत असतील तर फुटेज ज्या ड्राइव्हवर आहे ती तपासा.

‘७० अंशांच्या वर कार्ड खराब होतं’

नाही. आरटीएक्स ४०९० ची जाहीर मर्यादा ९० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांची मालिका पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावी अशीच बनवली आहे, आणि इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना वेग कमी करतात. एक्स्पोर्ट चालू असताना ७८ किंवा ८२ दिसलं तर घाबरू नका. बघायचा आकडा क्लॉकचा, म्हणजे चिपच्या वेगाचा : पहिल्या मिनिटाला जो होता तो अर्ध्या तासाने टिकलाय का?

खरा धोका दुसऱ्याच आकड्यात लपतो. अशा काही कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी साधारण ११० अंशांना वेग आवरते. आरटीएक्स ३०९० मध्ये अर्ध्या मेमरी चिप बोर्डाच्या मागच्या अंगाला आहेत, जिथे पंख्याची हवा पोहोचत नाही. त्यामुळे कोर (कार्डाची मुख्य चिप) ६८ वर समाधानात आणि मेमरी १०६ वर, असं होऊ शकतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘मेमरी जंक्शन’ची ओळ बघा. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधले थर्मल पॅड बदलायचे ठरवले तर मूळ जाडी मोजूनच घ्या : पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड लागला तरी हीटसिंक कोरवरून उचलला जातो आणि मेमरी थंड होऊन कोर तापतो.

‘लिक्विड कूलर लावला की उष्णतेचा प्रश्न मिटला’

पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत (पंखे लावलेल्या जाळीपर्यंत) वाहून नेतं, पुढे ती हवेतच जाते. शिवाय हा कूलर प्रोसेसरचा असतो, कार्डाला त्याचा उपयोग नाही, उलट त्रास होऊ शकतो. रेडिएटर पुढे, हवा आत घेणाऱ्या जागी लावला तर गरम झालेली हवा थेट कार्डावर येते. तासन्‌तास कार्ड राबणार असेल तर रेडिएटर वर लावून हवा बाहेर टाका. प्रोसेसर थोडा जास्त तापेल, चालतं. पुढेच लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात अडकून खरखर सुरू होते.

पाच मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. पाणी तापायला वेळ लागतो, खरं तापमान पंधरा-वीस मिनिटांनी स्थिरावतं. ३० मिनिटांचा सलग एक्स्पोर्ट हीच चाचणी. दुहेरी टॉवरचा चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो, आणि त्यात बिघडणारी वस्तू एकच : पंखा.

‘पंखे जितके जास्त तितकं बरं’

एका कार्डासाठी पुढून हवा घेणारे १४० मिमीचे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक बहुधा पुरतात. एक्स्पोर्ट चालू असताना कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. कार्ड दहाएक अंशांनी उतरलं तर हवेची वाट अडली आहे, बहुतेक वेळा पुढच्या काचेमुळे किंवा चोंदलेल्या जाळीमुळे. दोन-तीन अंशच उतरलं तर आणखी पंखे लावून काही साधणार नाही. मग आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (विजेची कमाल मर्यादा) ७५ टक्के करा : ४५० वॉटच्या कार्डाची शंभरावर वॉट उष्णता कमी होते, आणि एक्स्पोर्टचा वेळ फारसा वाढत नाही.

‘दोन कार्डं म्हणजे दुप्पट मेमरी’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर कार्डांमध्ये फ्रेम वाटून देतं, पण प्रत्येक कार्डाला आपली फ्रेम संपूर्ण स्वतःच्याच मेमरीत धरावी लागते. ४के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकी चार चॅनेल, प्रत्येक चॅनेलला ४ बाइट : १३३ एमबी. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला (शेजारच्या फ्रेमशी तुलना करून नॉइज काढण्याला) आजूबाजूच्या दोन-दोन फ्रेम लागल्या तर एकाच नोडपाशी (इफेक्टच्या एका पायरीपाशी) ६६० एमबी, तेही फक्त इनपुटचे. ८के ला सगळं चौपट. ८ जीबीचं दुसरं कार्ड जोडलं तर त्याच्या वाट्याला आलेल्या फ्रेम त्या ८ जीबीतच बसवाव्या लागतात.

दोन कार्डं लावायचीच असतील तर ब्लोअर पद्धतीची घ्या, जी गरम हवा मागच्या पट्टीतून बाहेर फेकतात. तीन पंख्यांची उघडी कार्डं शेजारी लावली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढतं. मेमरी भरल्याचा संदेश येत असेल तर आधी काम करताना टाइमलाइन एचडीवर आणा आणि नॉइज रिडक्शनचा नोड कॅश करा, म्हणजे त्याचा तयार निकाल साठवून ठेवा. रिझोल्यूशन शेवटच्या एक्स्पोर्टलाच वाढवा. तिथेही मेमरी भरली, तर जास्त मेमरीचं एकच कार्ड घ्या.