बिलाला सातबारा नसतो : चोपड्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, "माझी ठेव पतसंस्थेत बुडाली तेव्हा वही कोणी खोडली नव्हती. नोंदी शाबूत होत्या, तारणच खोटं होतं. तुमची ब्लॉकचेन तिथं काय करणार होती?"

काहीच नाही. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संस्थांनी मिळून ठेवलेली सामाईक वही, तिच्यात एकदा चढलेली नोंद गुपचूप पुसता येत नाही. "ब्लॉकचेन आली की कर्जातली फसवणूक थांबेल" हे माझ्या लेखातलं वाक्य चूक होतं, मी ते मागे घेतो. तारणाचं खोटं मूल्यांकन साखळीत चढवलं तरी ते खोटंच राहतं, फक्त पुसता येत नाही. एकाच संस्थेची वही असेल तर तिथं कडक लेखापरीक्षणच हवं. माझ्या मामांचीही ठेव अशीच अडकली होती, तुमचा संताप मी घरात पाहिलाय.

पण ब्लॉकचेनबद्दल "हा नुसता बिटकॉइनचा सट्टा" असं तुम्ही म्हणता, ते मला मान्य नाही.

शेतावर कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. दुसरी बँक उतारा बघते आणि सावध होते. बिलाला असा उतारा नसतो. जळगावच्या चटई कारखानदाराने मोठ्या कंपनीला माल दिला, पैसे दीड-दोन महिन्यांनी येणार. मधल्या काळात तेच बिल दाखवून दोन ठिकाणांहून पैसे उचलता येतात. लहान उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणारे ट्रेड्स मंच रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालतात. २०१८ मध्ये असे तीन मंच होते, एकमेकांचे स्पर्धक. आपला ग्राहक दुसऱ्याला कोण दाखवेल? म्हणून ते सामाईक ब्लॉकचेनवर आले. तिथं बिल जात नाही, बिलावरून काढलेला आकडी ठसा जातो. तोच ठसा पुन्हा आला की हे बिल आधी कुठेतरी गहाण आहे एवढं कळतं, कोणाचं ते कळत नाही. मला यातलं हेच मोलाचं वाटतं.

अर्थात बिलाचा नंबर बदलला की ठसाही बदलतो. म्हणून जीएसटीच्या नोंदीशी ताळा घ्यावाच लागतो.

तुम्ही हरभऱ्याच्या गोदाम पावतीचंही, म्हणजे माल गोदामात ठेवल्यावर मिळणाऱ्या आणि तारण ठेवता येणाऱ्या पावतीचंही विचारलंत. तिला मात्र ब्लॉकचेनची गरज नाही. २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावती निघते. तिची आणि तिच्यावरच्या तारणाची नोंद मध्यवर्ती ठिकाणी राहते. माल ठेवण्याआधी गोदाम केंद्राच्या गोदाम नियामक प्राधिकरणाकडे (डब्ल्यूडीआरए) नोंदवलेलं आहे का, एवढं विचारून घ्या.