'शिंगरूच घ्या, सोबत शिकाल' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दत्तजयंती जवळ आली की आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. वर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो आणि खाली सहा मुद्दे: 'दोन-तीन वर्षं घोड्यावर बसताय ना? मग आता स्वतःचा घ्या. शिंगरूच घ्या, दोघं सोबत शिकाल. अंगावरच्या खुणा पाहा. नाचणारा घोडा म्हणजे शिकलेला घोडा. उंच तेवढा दमदार. डॉक्टर कशाला, चार पावलं चालवून बघा. चारा शेतातच आहे, खर्च नाही.' यंदा तो मला चौघांनी पाठवला आणि त्यातले दोघं विसार द्यायला निघालेत. यातले दोन मुद्दे मी स्वतः खरे मानून चाललो होतो, म्हणून गप्प बसवत नाही.

शिंगराचा, म्हणजे कोवळ्या वयाच्या घोड्याचा, मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड आहे आणि माणसं पडतात ती त्यानंच. नवशिक्याला आपण पडू याची भीती असते. दोन-तीन वर्षं बसलेल्याची ती भीती गेलेली असते. मांड बरी बसते, दुडकीत उठबस जमते, कापूस निघून गेलेल्या वावरात एकदोनदा भरधाव सोडलेलं असतं. पण जनावर बिचकलं, अडलं, उलटं फिरलं तर हातानं काय करायचं, ते हाताला अजून ठाऊक नसतं. तीन वर्षांचं जनावर तर कशालाही बिचकतं: मल्चिंगचं फडफडणारं प्लास्टिक, बुजगावणं, फवारणीचा पंप. ते बिचकलं की आपण लगाम आखडतो. मग त्यालाही वाटतं, खरंच काहीतरी आहे. पंधरा दिवसांत दोघंही त्या बांधाकडे जायचं टाळू लागतात.

त्यात अंगाचाही प्रश्न आहे. घोड्याचे दुधाचे पुढचे दात जोडीजोडीनं बदलतात: मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं, म्हणजे पुढचे सगळे दात पक्के होतात. पाठीच्या कण्याची वाढ पुरी व्हायला त्याहूनही जास्त, साडेपाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे 'तयार तीन वर्षांचा' म्हणून जो विकला जातो, त्याची पाठ अजून कच्ची असते. मी आठ ते चौदा वर्षांचं जनावर बघायला सांगतो. "म्हातारं कायले घेता भाऊ?" असं लगेच कोणीतरी म्हणतं. नीट ठेवलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. दहाव्या वर्षी तो म्हातारा नसतो, जाणता असतो, आणि आपल्याला जाणताच हवा असतो.

खुणांबद्दल थोडक्यात. पंचकल्याणी (चारही पाय नि तोंड पांढरं), देवमण (गळ्याकडचा भोवरा), अंगावरच्या केसांचा कुठला भोवरा शुभ नि कुठला अशुभ, हे ज्याचं त्यानं ठरवावं. घरातल्या मोठ्यांचं मन राखायलाही लागतं. पण खुणेनं किंमत वाढते, चाल सुधारत नाही. शिवाय पांढऱ्या केसांखालची कातडी बहुधा गुलाबी असते आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती नाकपुडीपाशी चक्क भाजते.

आता नाचणारा घोडा. इथं मी पोळलोय, तेव्हा जरा लांबण लागेल.

सहा वर्षांपूर्वी एका बाजारातून मी ८५ हजारांना एक काळाभोर घोडा आणला. विकणाऱ्यानं हलगीवर त्याला असा नाचवला की माझ्यासोबत आलेला मेहुणा, ज्यानं जन्मात घोड्याला हात लावला नव्हता, तोही म्हणाला, "घेऊन टाका दाजी." मी घेऊन टाकला. घरी आणून टाच लावली की तो पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी पाय उचलायचा. जास्त लावली की मागच्या पायांवर उभा. त्याचं चुकत नव्हतं. टाचेचा अर्थ त्याला तोच शिकवला होता. तोंडाच्या कडांना जुन्या जखमांचे व्रण होते, म्हणजे काटेरी लगाम. ओढकामाच्या नि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत त्यावर बंदी आहे, पण वरातीत तोंड उघडून बघतो कोण? एका संध्याकाळी गावातून डीजे निघाला, आणि मी पाठीवर असताना आमचा घोडा वरातीत सामील झाला. नवरदेवाच्या पुढे. लोकांना वाटलं, मी मुद्दाम आलोय. शेवटी तो वरातीवाल्यालाच कमी भावात दिला.

नाच हे शिक्षणच आहे, पण वेगळ्या धंद्याचं. तुम्हाला वावरातून, रस्त्यानं, एकट्यानं फिरायचंय ना? मग तेच करवून बघा. आधी विकणाऱ्याला बसायला लावा. तो बसायला कचरला तर तिथूनच परत फिरा. मग स्वतः बसा. कदम, दुडकी, थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं. इतर घोड्यांना सोडून एकटा पुढे जातो का? ट्रॅक्टरजवळून जातो का? पाय हातात देतो का? खोगीर कसताना कान मागे पाडून चावायला येतो का? पळवून बघायचं सगळ्यात शेवटी, कारण पळतात सगळेच.

उंचीचं म्हणाल तर ओझं पेलायची ताकद उंचीवरून नाही, वजनावरून कळते; तेव्हा टेप न्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन ३६५ भरतं. त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं, म्हणजे खोगिरासकट ७३ किलो, ओझं ठीक. उंच पण लुकड्या मारवाडी जातीच्या घोड्यापेक्षा ठेंगणं, रुंद छातीचं भीमथडी जातीचं जनावर जास्त पेलू शकतं. आणि वावरात एकट्यानं उतरून परत चढायचं असतं, हेही उंचीवर भाळणारे विसरतात.

'डॉक्टर कशाला' हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. वेदनाशामक सुई टोचली की लंगडा दिवसभर सरळ चालतो आणि गुंगीचं औषध दिलं की खोडकरही गरीब होतो. म्हणून न कळवता जा, शक्यतो दोनदा. कडक जमिनीवर दुडकीत चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो. याहून मोठी गोष्ट ग्लँडर्सची. हा आजार माणसालाही होतो. त्यावर लस नाही, आणि तपासणीत निघाला तर जनावर कायद्यानं मारावंच लागतं. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत जातो. अहवाल येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि नवं जनावर जुन्यांत बांधू नका.

राहिला चारा. सोयाबीनचं कुटार बैल रवंथ करून पचवतो. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. बुरशी लागलेलं कुटार पोटात गेलं की शूळ उठतो, आणि मग रात्रभर कंदील घेऊन फिरवत बसा. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. तेव्हा गाईची पेंड त्याला नाही. चांगला कडबा, वाळलं गवत, उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. आमचा नालबंद ४० किलोमीटरवरून येतो आणि पेट्रोल वेगळं घेतो.

सध्या कोठ्यात आहे ती बारा वर्षांची, मातकट रंगाची घोडी. एक कान फाटलेला, त्यामुळे तिचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही. डीजे आला तरी कडबा खात राहते. पावसाळ्यात मात्र नाल्यातून जायला अडते. उतरून पुढे चालावं लागतं, मग मुकाट मागे येते. ही खोड तिच्या मालकानं मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हाच, न विचारता सांगितली होती.