बंदूक नको, तिकीट चालेल

अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेल्या भातशेतीच्या पट्ट्यात, माझा भाचा होमस्टे चालवतो. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "आत्या, तुमच्या टेक्सासात गाईड घेऊन बदकांच्या शिकारीला जातात ना? मुंबईचे पाहुणे विचारतात. थंडीत आपल्या खाडीतही पक्षी उतरतातच की. सरकारने परवाने दिले तर पोरांना चार महिने काम मिळेल, आणि त्या पैशात बांधही दुरुस्त होतील." मागून माझ्या भावाचा आवाज आला, "तिच्या देशात बदकं काय, माणसांवरही गोळ्या झाडतात!"

भावाचं म्हणणं हसण्यावारी नेलं. भाच्याच्या बोलण्यात बांधाचा विषय आला तिथे मात्र माझे कान टवकारले.

बंदुकीचं आधी संपवते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने ते गेले. पीक नासणाऱ्या रानडुकरासाठी परवानगी मागता येते, हौसेसाठी मिळत नाही. आणि मिळाली तरी मारणार काय? बदकांचे मोठे थवे घाटावर, उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर. आपल्या खाडीच्या चिखलात चिखल्या, तुतारी, कुरव, बगळे. ठाणे खाडीकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. अडई, थापट्या, हळदीकुंकू ही बदकं दिसतात, पण त्यांच्यावर धंदा उभा राहील एवढी नाहीत. त्यात ओहोटीला गुडघाभर चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका आणि जाळी लावणारे कोळी. त्या गर्दीत छर्रे उडवणार कुठे? शिकारीसाठी खाडी ठेक्याने दिली, तर पहिली हकालपट्टी यांचीच होईल. टेक्सासात हे सहज जमतं, कारण तिथली बहुतेक जमीन खासगी आहे. कुंपणाच्या आत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडे खाडी सगळ्यांची आहे, आणि ती तशीच राहावी.

मी बंदूक कधी धरलेली नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने "नुसतं बघायला चल" म्हणून मला गॅल्व्हस्टन उपसागराच्या पूर्वेला, अनाहुआकच्या बाजूला नेलं होतं. गाईड म्हणजे सत्तरीकडे झुकलेला भातशेतकरी. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून अंधारात पाण्यात उतरलो. त्याने प्लास्टिकची बदकं मांडली, रांगेत नाही, तर मध्ये अंगणाएवढी जागा मोकळी सोडून आणि वारा पाठीशी घेऊन, कारण बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. मग गवताने शाकारलेल्या खोपीत बसून घड्याळ बघत राहिलो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत गोळी झाडायची नाही. बंदुकीत तीनच काडतुसं. माणशी दिवसाला सहा बदकं, त्यातही जात बघून. तिथलं पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, कित्येक हंगाम माणशी एकच होतं. दाणे टाकून पक्षी बोलवायचे नाहीत. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांना १९९१पासून देशभर बंदी, कारण ते चिखलात पडून राहतात आणि बदकं खडे समजून गिळतात.

अंधुक उजेडात एक जोडी खाली आली. शिकारीला आलेल्या एका पाहुण्याने बंदूक उचलली तसा म्हाताऱ्याने हात आडवा धरला. ते मॉटल्ड डक होतं, तिथलंच रहिवासी, आणि टेक्सासात हंगामाचे पहिले पाच दिवस ते मारायचं नाही. चोचीवरची हळद आणि कुंकू सोडलं तर मला ते आपल्या हळदीकुंकवासारखंच वाटलं. नंतर आली ती वाचली नाहीत. एक बदक पंख मोडून पाण्यात गोल गोल फिरत राहिलं. कुत्र्याने पोहत जाऊन आणलं, गाईडने त्याची मान पिरगळली, पाहुण्यांनी फोटो काढले. मला ते बघवलं नाही. पुन्हा गेले नाही.

पण परतताना म्हाताऱ्याला विचारलं, भात कापून झाल्यावर शेतात पाणी कशाला सोडलंय? म्हणाला, हेच तर भाडं. शिकारीवाले हंगामभरासाठी शेत भाड्याने घेतात; भाताचा भाव पडला तरी पाण्याचे पैसे येतात. खारेपाटात वाढलेल्या मुलीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे शेतात पाणी राहिलं तर नुकसान धरतात, आणि खारं पाणी शिरलं तर सत्यानाश.

दुसरी गोष्ट तिकिटाची. १९३४ साली, दुष्काळाने अमेरिकेतली तळी आटली होती तेव्हा, तिथल्या सरकारने 'डक स्टॅम्प' काढला. पहिल्या तिकिटावरची बदकं जे 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढली होती, किंमत एक डॉलर. आज ते पंचवीस डॉलरला मिळतं. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं, आणि प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाडेपट्ट्याने घेण्यात जातात. आजवर ६० लाख एकरांच्या आसपास जमीन अशी राखली गेली आहे. पक्षी बघणारे आणि तिकिटं जमवणारेही ते घेतात. मीही दर वर्षी पोस्टातून आणते. त्यावर बदकाचं देखणं चित्र असतं, पण खरी गंमत अशी की हा पैसा रस्त्याला किंवा जाहिरातीला वळवता येत नाही.

म्हणून अमेरिकेला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. अलास्का-हवाई सोडून उरलेल्या देशातल्या निम्म्याहून जास्त पाणथळ जागा दोनशे वर्षांत बुजवून झाल्या. २०२३मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्यांपैकी बऱ्याच जागांवरचं केंद्राचं संरक्षणही काढून घेतलं. आकाश झाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे याच शिकाऱ्यांच्या आज्या-पणज्यांनी संपवले, शेवटचं कबुतर १९१४ला पिंजऱ्यात मेलं. नियम शहाणपणातून कमी आणि धसक्यातून जास्त आलेत.

आपला धसका भलत्याच ठिकाणी बसला, असं मला वाटतं. शिकारीवर बंदी आली त्याच १९९१ साली सीआरझेडची अधिसूचना आली, किनाऱ्यावर काय करायचं नाही ते सांगणारी. बंदुकीवरची बंदी जशीच्या तशी टिकली. किनाऱ्याची २०११ला नव्याने लिहिली, २०१९ला पुन्हा, आणि मधल्या दुरुस्त्या वेगळ्याच. बंदुकीचा आवाज गावभर जातो. भरावाचा डंपर रात्री येतो आणि सकाळी सगळे म्हणतात, इथे पाणी होतंच कुठे? उरणच्या पाणजे पाणथळीत भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी किती वर्षं चालल्यात! बदक मारलं तर तुरुंग. ते जिथे उतरतं ती जागा मारली तर प्रकल्प.

वर २०१७च्या पाणथळ नियमांनी भातशेती आणि मिठागरं व्याख्येतूनच वगळली. म्हणजे टेक्सासात ज्या भातखाचराला पक्ष्यांसाठी भाडं मिळतं, तेच खाचर आपल्याकडे कागदावर पाणथळ नाही. खारेपाटातला शेतकरी बांध राखतो, ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून गोडं पाणी सोडतो, भरतीला खारं अडवतो, तळ्यात जिताडा मासा वाढवतो. पक्षी त्याच्या जिवावर जगतात, त्याला मात्र दमडी मिळत नाही. बांधाला खांड पडली की सरकारी फाईल फिरत राहते आणि तोवर दोन हंगाम नापीक जातात. मग कंपनीचा दलाल दारात आला तर तो शेतकरी लोभी, असं मुंबईत बसून म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

तेव्हा भाच्याला मी सांगितलं की गाईड हो, पण दुर्बिणीचा. "नुसते पक्षी बघायला कोण येतंय, आत्या?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. पण वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक कुठून कुठून येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. पूर्वी तिथे कासवांची अंडी खाल्ली जायची. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. माझी एकच अट आहे. प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेली रक्कम बांधाच्या खात्यात जमा व्हावी, ती उघाडीच्या फळ्या आणि मातीच्या भरीवरच खर्च व्हावी, आणि हिशेब देवळात सगळ्यांसमोर वाचावा. तेवढ्याने सगळे बांध होणार नाहीत, सरकारचं काम सरकारलाच करावं लागेल. पण ज्याच्या शेतात पक्षी उतरतात त्याच्या हातात शंभर-दोनशे रुपये तरी पाण्याचे म्हणून पडतील.

राहिली आम्हा परदेशातल्यांची गोष्ट. ह्यूस्टनमध्ये कोकणातल्या देवळांच्या जीर्णोद्धाराच्या पावत्या दर गणपतीत फाटतात. उघाडीची पावती अजून कोणी छापलेली नाही. भाच्याने छापली तर इथे घेणारे निघतील. यादी करायला मी तयार आहे.