खालिद जमील 'पहिले भारतीय प्रशिक्षक' नाहीत

'भारतीय फुटबॉल संघाला पहिल्यांदाच भारतीय प्रशिक्षक मिळाला' हा मजकूर खालिद जमील यांच्या फोटोसह फिरतोय. नेमणूक खरी, ऑगस्ट 2025 ची. 'पहिल्यांदाच' मात्र साफ चूक.

1951 आणि 1962 ची एशियाड सुवर्णपदकं सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली आली, ते हैदराबादचे. अगदी अलीकडे, 2011 मध्ये, आर्मांदो कुलासो आणि सावियो मदेरा हे दोघे गोंयकार लागोपाठ या पदावर होते. सावियोंच्या संघाने त्याच वर्षी दिल्लीत अफगाणिस्तानला 4-0 हरवून दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक घेतला. इतक्यात विसरलो? 2012 पासून परदेशी प्रशिक्षकच आले, म्हणून 'तेरा वर्षांनी भारतीय' म्हणा, ते बरोबर.

जमील यांचं खरं 'पहिलं' वेगळंच आहे. कुवेतमध्ये जन्मलेला हा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू 2009 साली मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. 2017 मध्ये त्यांनी मिझोरमच्या आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली राष्ट्रीय साखळी स्पर्धा, जिंकून दिली. आदल्या मोसमात हाच संघ घसरून स्पर्धेतून बाहेर पडला होता, नंतर परत घेतला गेला. शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजोंगशी 1-1 बरोबरी, आणि मोहन बागानपेक्षा एकच गुण जास्त. आयझॉल हा ईशान्येकडचा पहिला विजेता संघ. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.